मधली रेघ निळीच राहिली

भर दुष्काळात, ज्या हौदात टँकरचं पाणी पडायचं त्याच हौदाच्या तोंडावर मी भिंत घालायला लावली. बाजूला नव्हे, बरोबर तोंडावर. नातवंडांना हे सांगितलं की ती विचारतात, "आजी, तेव्हा तुला दिसत नव्हतं का?" दिसत होतं, बाळांनो. चष्मासुद्धा नव्हता. मी हुशार होते, सगळा घोळ त्यानेच झाला.

मी तेव्हा आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. बाई असून ड्राफ्ट्समन. हजेरीपटावर तसंच लिहिलेलं असायचं आणि मला त्याचा भारी तोरा. आयटीआयचा कोर्स केलेली आमच्या भावकीतली मी एकटी सून. केसात गजरा नसला तरी चालेल, पण पर्समध्ये दोन शिशाच्या पेन्सिली आणि खोडरबर हवाच. बसमध्ये कुणी शेजारी बसलं की मी उगीच पर्स उघडून त्या पेन्सिली वर-खाली करायची. आठवलं की आता माझं मलाच हसू येतं.

लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस पडला नाही. ऊस उभाच राहिला नाही तर गाळप कशाचं होणार? बॉयलर थंड, ऊस टाकायची गव्हाण रिकामी, चिमणीवर पारवे. गावातली निम्मी घरं कुलूप लावून पश्चिमेकडच्या कारखान्यांवर ऊस तोडायला गेलेली. आमच्या ड्रॉइंग सेक्शनला काडीचं काम नव्हतं. त्यातच आधी कधीतरी मंजूर झालेला कम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर यंत्रांचे भाग काढायचं नवं सॉफ्टवेअर. आमचे साहेब म्हणाले, "हे जो शिकेल त्याला ठेवून घेऊ. बाकीच्यांना पुढच्या सीझनपर्यंत घरी बसावं लागेल. आणि दांडी चालणार नाही. ज्याची दांडी, त्याची खुर्ची दुसऱ्याला."

मला घरी बसायचं नव्हतं. घर म्हणजे काय, ते आधी सांगते.

घरात आम्ही दोघी जावा. थोरलीला मी अक्का म्हणायची. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामा कारखान्याचे जुने संचालक, पंचक्रोशीत वजन असलेला माणूस. तरुणपणी बांधावरून त्यांचं सख्ख्या भावाशी फाटलं ते कायमचं. तेव्हापासून त्यांनी एकच व्रत धरलं होतं: आपल्या घरात दोन्ही सुनांना सगळं सारखं. दिवाळीला दोन साड्या यायच्या, त्या एकाच ताग्यातल्या. लग्नाला गेलो की लोक म्हणायचे, बँडवाल्या आल्या. माझं पोट दुखलं तर ओवा दोघींना. एकीला माहेरी पाठवलं तर दुसरीलाही पाठवावं लागेल, मग भाकरी कोण थापणार, म्हणून कुणालाच पाठवायचे नाहीत. मला खोकला झाला तरी अक्का घाबरायची, कारण काढा तिलाही मिळायचा.

या सारखेपणात एकच गोष्ट वेगळी होती, माझी नोकरी. ती चालायची अक्काच्या जिवावर. सकाळी सातला कारखान्याची बस फाट्यावर यायची. मी निघायची तेव्हा माझ्या दोन्ही लेकरांची तोंडं धुवायची राहिलेली असायची. त्यांना शाळेत धाडायचं, जेवायला घालायचं, सगळं अक्का करायची. मी संध्याकाळी येऊन भांडी घासायची नि दळण आणायची. कुणी ठरवलं नव्हतं, आमचं आमचं बसलं होतं. मामांच्या नजरेत ते आलं नव्हतं, एवढंच.

तर ते सॉफ्टवेअर. आधी आम्ही बोर्डावर रेघ मारली की ती तिथेच राहायची. खोडली तरच जायची. इथे रेघ जिवंत असायची. धरून ओढली की यायची. तिला धाक हवा म्हणून बंधनं घालायची. ही रेघ आडवीच राहील, ही त्या रेघेला समांतर राहील, हिची लांबी एवढीच राहील. अजून मोकळी असलेली रेघ निळी दिसायची. सगळीकडून जखडली की काळी व्हायची. साहेब म्हणायचे, "निळं ठेवून घरी जायचं नाही. सगळं काळं झालं पाहिजे." मी संध्याकाळी घरी यायची तेव्हा मला माझं लग्न आठवायचं. काळ्या रेघा त्या काय निराळ्या असतात!

या बंधनांमधलं मला सगळ्यात आवडलेलं बंधन म्हणजे सममितीचं. मधोमध एक तुटक रेघ मारायची. मग डावीकडची एक रेघ निवडायची, उजवीकडची एक निवडायची, शेवटी ती मधली निवडायची. झालं. त्या क्षणापासून त्या दोघी मधलीपासून सारख्या अंतरावर राहणार. एक इकडे सरकली की दुसरी तिकडे तेवढीच सरकणार. कपलिंग काढा, साखळीची पट्टी काढा, अर्धीच काढायची, उरलेली आपोआप. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी टाळी वाजवली होती. साहेब म्हणाले, "बाई, हे सिनेमागृह नव्हे."

घरी येऊन मी फुशारकीने मामांना सांगितलं, "मामा, एकीला हलवलं की दुसरी आपोआप तेवढीच हलते. फरक पडतच नाही." इथे माझी जीभ आवरायला हवी होती. मामा बाजेवर उठून बसले.

"कसा काय पडत न्हाई?"

"पडूच शकत नाही. मधली रेघ धरून ठेवते दोघींना."

मामांनी पानाचा डबा बंद केला. तिसऱ्या दिवशी दोन्ही लेकांना आणि आम्हा दोघींना समोर बसवून म्हणाले, "माझं वय झालं. माझ्या माघारी तुमची डोकी फुटायच्या आधी मी जित्तापणी वाटणी करून देतो. पुढच्या खोल्या दोघांला दोन-दोन. मागं परसात मधोमध भिंत. भिंतीच्या दोन्ही अंगाला येक-येक सैपाकघर. आन् नकाशा धाकली काढील, कम्प्युटरवर. तिच्या यंत्रात लबाडी चालत न्हाई. धर्मापुरीच्या देवळावानी दोन्हीकडं सारखं पायजे."

अक्काने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं: चूल वेगळी झाली तर तुझ्या लेकरांना शाळेत कोण धाडणार? नाही म्हण. काहीतरी निमित्त काढ.

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "मामा, प्रिंट रंगीत काढू की साधी?"

त्या पोरीला आज मी समोर बसवून दोन थोबाडीत दिल्या असत्या. पण ती कुणाचं ऐकणारी नव्हती. यंत्राचे भाग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ती आपल्या घराचं परस काढायला बसली. काम नव्हतंच, साहेबही म्हणाले, सराव होतोय तर होऊ द्या.

परस असं होतं. पश्चिमेला गोठ्याची भिंत, ती हलणार नव्हती, म्हणून अक्काच्या स्वयंपाकघराची भिंत मी गोठ्यापासून मोजून पक्की केली. पूर्वेला, माझ्या बाजूला, मोकळी जागा. आणि पाण्याचा जुना हौद माझ्या बाजूला येत होता, मधल्या भिंतीपासून हातभर अंतरावर. तोही मी गोठ्यापासून मोजून पक्का केला. मग मामांचा न्याय असा की अक्काच्या बाजूला, तेवढ्याच अंतरावर, नवा हौद खणायचा. मी अर्धं चित्र काढलं, सममिती लावली, आणि पलीकडे स्वयंपाकघर उमटलं, ओटा उमटला, मोरी उमटली, हौद उमटला. चित्र इतकं देखणं झालं की मी ते शिपायालासुद्धा बोलावून दाखवलं.

मग मला वाटलं, माझं स्वयंपाकघर जरा मोठं असावं. नोकरीवाली बाई आहे मी. फ्रिज घेईन एखादे दिवशी. मी माझी पूर्वेकडची भिंत धरली आणि ओढली. आली. गंमत म्हणजे अक्काची भिंत जागची हलली नाही. गोठ्याला बांधलेली होती ना ती. मला वाटलं, चला, यंत्राला चकवलं. अजून ओढली. चांगली दोन हात ओढली आणि इकडेतिकडे बघून पदराने कपाळ पुसलं.

यंत्र चकलं नव्हतं. त्याला सांगितलं होतं की या दोघी मधल्या रेघेपासून सारख्या राहतील. एक गोठ्याला जखडलेली, दुसरीला मी ओढतेय, मग बिचाऱ्याने काय करावं? जी मोकळी होती तिला सरकवलं. मधल्या रेघेला. ती मी कशालाच बांधली नव्हती. तुटक, बारीक रेघ, निळीच राहिली होती, आणि मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. माझी भिंत दोन हात पुढे गेली आणि मधली रेघ हातभर माझ्याकडे आली. म्हणजे माझं स्वयंपाकघर वाढलं हातभर आणि अक्काचंही वाढलं हातभर. एवढी लबाडी करून मी दोघींना सारखंच वाढून ठेवलं. आणि हातभर सरकलेली मधली रेघ जाऊन बसली ती थेट जुन्या हौदावर. अक्काचा नवा हौदही रेघेच्या पलीकडून दोन हात सरकत येऊन जुन्या हौदावर बसला. दोन चौकोन एकावर एक पडून एकच दिसू लागला. प्रिंट काढली तेव्हा एक चौकोन गायब आहे, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मी सगळा वेळ माझा ओटा बघत होते.

गवंडी युसूफ वडगावचा. दुष्काळात त्यालाही काम नव्हतं, दुसऱ्याच दिवशी हजर. त्याने गोठ्यापासून टेप लावला, कागदाप्रमाणे चुन्याची फक्की टाकली, आणि मी बससाठी चप्पल घालत होते तेव्हा दारात आला.

"वहिनी, रेघ हौदावरून जातीय."

"जाऊ द्या. कागदावर आहे तसं करा."

"आवो पर हौदाच्या तोंडावरून…"

"कम्प्युटर चुकत नाही, मिस्त्री." आणि मी बस पकडायला पळाले. आजही कुणी मला गुगलने असं सांगितलं, तसं सांगितलं म्हणालं की माझे कान तापतात.

संध्याकाळी परतले तेव्हा भिंत कमरेपर्यंत आली होती. हौदाच्या तोंडावर एक लांब दगड आडवा टाकलेला, दगडावर विटा चढलेल्या. बघताक्षणी सगळं कळलं: निळी रेघ, माझी ओढाओढ, सगळं. तोंड उघडणार तेवढ्यात मामा चार माणसांना घेऊन परसात आले.

"ह्ये बघा," मामा सांगत होते. "आमी म्हणलो दुसरा हौद खणू. पर आमच्या सूनबाईचं डोकं बघा. दुष्काळात दुसरा हौद भरायचा कशानं? तिनं काय केलं, हाय त्याच हौदाच्या मधून भिंत काढली. अर्धा ह्या सुनंला, अर्धा त्या सुनंला. येक थेंब इकडं न्हाई की तिकडं न्हाई. ह्याला म्हणतेत न्याय!"

माणसं माना डोलावत होती. एक म्हातारा म्हणाला, "लई शिकलेली हाय बगा."

आता मी काय सांगावं? चूक झाली म्हटलं तर कशी झाली ते सांगावं लागणार. कशी झाली म्हटलं तर मी दोन हात कशाला ओढत होते, ते सांगावं लागणार. मी पदर डोक्यावर घेतला आणि खाली बघून हसले. लोकांना तो विनय वाटला.

भिंत डोक्याच्या वर गेली, दोन्ही अंगाला स्वयंपाकघरं उभी राहिली. टँकर आला, पाईप फटीतून घालून हौद भरला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी घागर घेऊन गेले तर दगडाच्या अलीकडे जेमतेम ओंजळ जाईल एवढी फट. घागर जाईना, बादली जाईना, कळशीही जाईना. शेवटी तांब्याला सुतळी बांधली, तो तिरका करून आत सोडला, तिरकाच वर ओढला. येईपर्यंत अर्धा सांडायचा. एक घागर भरायला पाठ मोडायची. भिंतीपलीकडे अक्काचाही तांब्या खडखडत होता.

त्यात मामांनी नवा नियम घातला. एकीने दुसरीच्या चुलीत हात घालायचा नाही. "तिनं तुझ्या लेकरांचं केलं तर तू तिच्या लेकरांचं काय करतीस? तागडी सारखी पायजे." म्हणजे पाणी मीच शेंदायचं, भाकरी मीच करायची, लेकरांना मीच धाडायचं. आणि बस सातला. एक दिवस चुकली. मग आणखी एक. मग मी दोन वाहनं बदलून दुपारी पोचले तर माझ्या खुर्चीवर स्टोअरमधला एक जण बसून माऊस फिरवत होता. साहेब म्हणाले, "बाई, आणखी एकदा असं झालं तर ही खुर्ची त्याचीच. मला वरून विचारतात."

घरी आले आणि परसात उभी राहिले. समोर भिंत, डावीकडे मोठं केलेलं स्वयंपाकघर, हातात सुतळीचा तांब्या. स्वतःच काढलेल्या नकाशात मी उभी होते आणि त्यात माझ्यासाठी बाहेर पडायचं दार काढायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या सकाळी बस यायच्या वेळी मी फटीपाशी उकिडवी बसले होते. तांब्या आत सोडला तर कशाला तरी अडकला.

"अक्का, तुमचा तांब्या बाजूला घ्या. माझा अडकलाय."

हौदातून अक्काचा आवाज आला, घुमून, खोल. "तुझाच माझ्यात अडकलाय. तुझं समदंच माझ्यात अडकतंय."

मी सुतळी सैल केली. थोड्या वेळाने पलीकडून पुन्हा, "कावून गं, आज गाडी न्हाई का?"

"आहे. मी जाणार नाही. लेकरांच्या भाकरी व्हायच्यात."

"नोकरी जाईल की तुझी."

"जाईल."

पाणी डुचमळत होतं. अक्काचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच असेल, मी बोलून गेले. "अक्का, हा न्याय-बिय काही नाही. माझी चूक आहे. मी माझं स्वयंपाकघर मोठं करायला गेले, तर मधली भिंतच सरकली."

पलीकडचा तांब्या थांबला.

"किती मोठं?"

"दोन हात."

"आन् झालं किती?"

"एक हात. तुमचंही एकच हात झालं."

मग हौदात हसू घुमलं. अक्का एरवी पदर तोंडाला लावून हसायची, पण तेव्हा तिचे दोन्ही हात सुतळीला होते. ते हसू पाण्यावर आपटून माझ्या फटीतून वर येत होतं. हसता हसता तिचा तांब्या सुटून खाली गेला, ते 'डुबुक' ऐकून ती आणखीच हसली.

"जा, मामांला सांग."

"ते घरातून काढतील मला."

"काढून कुठं टाकतेल? भिंतीच्या ह्या अंगाला मी हायच की. जा, उठ."

मामा ओसरीवर दाढी करत होते. मी जमिनीवर बोटाने तीन रेघा ओढून त्यांना सगळं सांगितलं. गोठ्याला बांधलेली, मी ओढलेली, आणि मधली, जिला मी बांधलंच नव्हतं. त्यांनी साबण लावलेला गाल तसाच ठेवून ऐकलं.

"म्हंजी तू तुझ्याकडं वढलं?"

"हो."

"आन् निघालं सारखंच?"

"हो, मामा."

"मग तुझ्यापरीस ते यंत्र बरं. त्याला लाज हाय."

मी खाली मान घालून उभी. ते आरशात बघत म्हणाले, "भिंत पडणार न्हाई. समद्या गावाला सांगून बसलोय." वस्तरा एकदा वरून खाली फिरला. "पर तोंड बंद असलेला हौद काय कामाचा? त्यो दगड आन् त्याच्या वरच्या, घागर घिऊन बाई उभी ऱ्हाईल एवढ्या विटा काढाया सांग मिस्त्रीला. आन् नवा नकाशा काढून आण. कुणी इचारलं तर पहिल्यापासून तसंच होतं म्हणायचं. तुझं बी झाकंल, माझं बी."

"आणि चुलीचा नियम, मामा?"

"मी परसात येत न्हाई सकाळचा," मामा म्हणाले आणि दुसरा गाल फुगवला.

त्या दिवशीही बस गेलीच होती. पण लेकरांना अक्काच्या हवाली करून मी वाटेत एका ट्रॅक्टरला हात केला आणि साहेब यायच्या आधी खुर्चीवर जाऊन बसले. नवा नकाशा काढला. मधल्या रेघेवरच भोक काढलं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. पण आधी ती रेघ गोठ्यापासून मोजून जखडली आणि ती काळी होईपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावला नाही.

भिंत आजही आहे. मामा गेले, तरी ती पाडायचं कुणी नाव काढत नाही. नळ आल्यावर हौद बुजला, भोक मात्र तसंच राहिलं. दोन्हीकडच्या सुना आता त्यातून एकमेकींना कुकर देतात.

विटा काढल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी मी माझी दोन्ही लेकरं त्या भोकातून पलीकडे दिली. एकाचा शर्ट उलटा होता, दुसऱ्याचं नाक वाहत होतं. पाठोपाठ पिठाचा डबा दिला आणि फाट्याकडे पळायला वळले. अक्काने डबा काखेत धरला, पोराचं नाक स्वतःच्या पदराने पुसलं, आणि भोकातून डोकं बाहेर काढून ओरडली:

"सांजच्याला आलीस की दोन्हीकडची भांडी तुझ्याकडं गं बाई! लई मोठं सैपाकघर पायजे होतं न्हवं तुला?"